नवा भुंगेरा आणि जुनी कपाटं



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर प्राणिशास्त्र शिकवायचे, म्हणून विषय निवडताना मी थोडं धाडस केलं. पत्रिकेवर 'उष्ण कटिबंधातल्या रोव्ह बीटलच्या नव्या प्रजाती' असं वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. एवढ्याशा किड्यावर तासभर काय बोलणार? पण तुम्ही आलात. आता बसा.

वर्तमानपत्रात दर दोन-चार महिन्यांनी एक बातमी येते. अमुक डोंगरात नवी प्रजाती सापडली. सोबत फोटो, संशोधकांची नावं, जंगलाचं वर्णन. त्या बातमीत जंगल असतं. कपाट नसतं, ग्रंथालय नसतं, दीडशे वर्षांपूर्वीचा जर्मन निबंध नसतो. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की, नव्या प्रजातीचं खरं काम तिथे चालतं. प्राणी पकडणं हा त्यातला सोपा भाग. 'हा आजवर कोणीही नोंदवलेला नाही' हे सिद्ध करणं हा अवघड भाग. नसलेल्या गोष्टीचा पुरावा द्यायचा असतो. तो कसा द्यायचा?

आधी पाहुण्यांची ओळख. रोव्ह बीटल तुमच्या घरी येऊन गेलेला आहे. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती किडे जमतात, त्यात एक लांबुळका, केशरी-काळा, मोठ्या मुंगीएवढा किडा असतो. डिवचला की मागचा भाग वर उचलतो. झोपेत तो मानेवर चिरडला जातो आणि एक-दोन दिवसांनी तिथे लाल पट्टा उठतो, फोड येतात, आग होते. घरातले म्हणतात, नागीण उठली. काही वेळा डॉक्टरसुद्धा फसतात. हा पेडेरस. तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. त्याच्या अंगातल्या रसात पेडेरिन नावाचं विष असतं, आणि तेही त्याचं स्वतःचं नाही; त्याच्या शरीरात वस्तीला असलेले जिवाणू ते तयार करतात. हाच पेडेरस भाताच्या खाचरात तुडतुडे खातो. म्हणजे शेतात मित्र आणि उशीवर शत्रू.

पेडेरस ज्या कुळातला, त्याचं नाव स्टॅफिलिनिडी. या एका कुळात आजवर सुमारे 65 हजार प्रजातींची नोंद झाली आहे. जगातले सगळे सस्तन प्राणी, हत्तीपासून चिचुंद्रीपर्यंत, मिळून साडेसहा हजारांच्या आसपास आहेत. आणि 65 हजार हा आकडा ज्यांना नावं मिळाली त्यांचा. उष्ण कटिबंधात पाचोळा चाळला की बिननावाचे निघतातच.

यांची खूण म्हणजे आखूड कवच. इतर भुंगेऱ्यांचं पंखांवरचं कवच पोट झाकतं. यांचं अर्ध्यावर, कधी त्याच्याही आधी संपतं. पोट उघडं, लवचिक, वळणारं. त्यामुळे पानांच्या थरात, सालीखाली, शेणात, कुजक्या आळंब्यांत कुठेही शिरता येतं. पण मग उडायचे पंख ठेवायचे कुठे? एवढ्याशा कवचाखाली मोठे पंख घड्या घालून कोंबलेले असतात, आणि डाव्या पंखाची घडी उजव्यापेक्षा वेगळी असते. 2014 साली जपानी संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे चित्रित केलं. मिटताना भुंगेरा पोट वर वळवून पंख आत सारतो. यूट्यूबवर जरूर बघा, पण व्याख्यान संपल्यावर.

आता पकडण्याबद्दल, आणि ते थोडक्यात, कारण म्हटलं तसं ते सोपं आहे. पाचोळा चाळणीने चाळायचा, खालचा भुगा जाळीच्या पिशव्यांत भरून कापडी खोळीत टांगायचा. भुगा सुकत जातो तसे किडे ओल शोधत बाहेर पडतात आणि खालच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. जंगलात वाटेत आडवं पारदर्शक पटल उभं करायचं. उडता भुंगेरा त्यावर आपटतो आणि खालच्या तसराळ्यात पडतो. झाडांच्या शेंड्यांवरचे हवे असतील तर कीटकनाशकाचं धुकं सोडायचं. टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या 19 झाडांवर हे केलं आणि सुमारे 1,200 प्रजातींच्या भुंगेऱ्यांचा हिशेब मांडला. त्यावरून गुणाकार करत 1982 साली त्यांनी जेमतेम दोन पानांचा लेख लिहिला: उष्ण कटिबंधात कीटक आणि त्यांच्या भाईबंदांच्या तीन कोटी प्रजाती असाव्यात. पुढच्या अंदाजांनी हा आकडा बराच खाली आणला. तरी त्या दोन पानांनी एक पिढी कामाला लावली. एवढा परिणाम करणारी दोन पानं विज्ञानात फार नसतात.

तर बाटली भरली. त्यात तीन मिलिमीटरचा, तपकिरी, चकचकीत एक भुंगेरा आहे. शेजारी अगदी तसाच दुसरा. हे एक की दोन?

मी तुम्हाला टेबलाशी नेतो. वाळलेला नमुना कोमट पाण्यात ठेवून मऊ करायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पोटाचं शेवटचं टोक टाचणीने अलगद सैल करायचं. टाचणीचं टोक आधी काचेवर दाबून किंचित वाकवून घेतलेलं असतं. त्या आकड्याने आतला नराचा जननअवयव बाहेर ओढायचा. तो अर्ध्या मिलिमीटरचाही असू शकतो. श्वास रोखून काम करावं लागतं, कारण शिंक आली तर तो अवयव टेबलावर पुन्हा सापडत नाही. मग पोटॅशच्या द्रावणात ठेवला की मांस विरघळतं आणि कठीण भाग स्वच्छ दिसू लागतो: वक्र नळी, तिच्या आतले काटे, टोकाला एखादी खाच. ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून वरून आणि बाजूने चित्र काढायचं. शेवटी तो अवयव त्याच भुंगेऱ्याच्या टाचणीवर, वेगळ्या इवल्याशा कार्डावर किंवा नळीत कायमचा टोचून ठेवायचा. दोघांची ताटातूट झाली तर सगळं काम वाया.

हे कशासाठी? बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन भुंगेरे या एका अवयवात स्पष्ट वेगळे निघतात. कवच, रंग, डोकं सारखं; आत नळीचा आकार वेगळा. असं का होतं यावर शंभर वर्षं वाद चालू आहे, त्यात आज शिरत नाही. पण याचा अर्थ असा की नुसती मादी हाती आली तर पुष्कळदा काम तिथेच अडतं. डबीत चिठ्ठी जाते: नराच्या प्रतीक्षेत.

डेव्हिड शार्प नावाचे इंग्रज डॉक्टर होते. हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात 11 वर्षं राहून जे गोळा केलं, त्यातल्या रोव्ह बीटलची वर्णनं शार्प यांनी 1876 साली छापली. शेकडो नव्या प्रजाती, वर्णनाचा भर मुख्यतः बाह्यरूपावर. पुढे सत्तरी ओलांडल्यावर, 1912 साली, याच शार्प यांनी फ्रेडरिक म्यूर यांच्याबरोबर भुंगेऱ्यांच्या नर जननअवयवांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुढच्यांना दाखवून दिलं की बघायचं कुठे. त्या वयात आपल्याच शास्त्राची पद्धत बदलायला लावणं मला फार मोठं वाटतं. सत्तरीत आपण बहुधा आठवणी लिहितो.

साम्य फसवतं, आणि उलटही फसवतं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत लष्करी मुंग्यांचे तांडे फिरतात, लाखोंच्या संख्येने, वाटेतलं दिसेल ते खात. त्या तांड्यात मुंग्यांसारखेच दिसणारे रोव्ह बीटल चालतात: लांब पाय, बारीक कंबर, मुंगीचा रंग. आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या तांड्यांतही असेच भुंगेरे आहेत. इतकं साम्य, तर सगळे एकाच पूर्वजाचे वंशज असणार, असं कोणालाही वाटेल. मुनेतोशी मारुयामा आणि जोसेफ पार्कर यांनी 2017 साली डीएनए तपासून दाखवलं की हे मुंगीरूप किमान 12 वेळा वेगवेगळं उपजलं आहे. या सगळ्यांचा सामाईक पूर्वज साधारण साडेदहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरच्या काळातला. बारा वेळा तोच अवतार!

एक क्षण थांबून विचार करा, हा निष्कर्ष कशावर उभा आहे? रात्री मुंग्यांच्या रांगेशेजारी गुडघे टेकून, तोंडाने हवा ओढायच्या नळीत एकेक भुंगेरा घेणाऱ्या माणसांवर. आणि त्याआधी, त्या प्रत्येकाला कंटाळवाण्या शब्दांत वर्णन करून वेगळं नाव देणाऱ्यांवर. नावं नसती तर मोजणार काय?

वाळवीच्या घरात तर याहून मोठा तमाशा आहे. 2023 साली ब्राझीलच्या दोन संशोधकांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका भुंगेऱ्याचं वर्णन छापलं: ऑस्ट्रोस्पिराक्था कॅरिजोई. त्या वंशातली आधीची एकच प्रजाती ठाऊक होती, 1973 सालची. याचं पोट फुगून पाठीवर उलटं वळलेलं असतं, आणि त्या पोटाला वाळवीचा आकार आलेला असतो. डोक्याचा, धडाचा, आणि बाजूला पाय व मिशांसारख्या लोंबत्या पुरवण्यासुद्धा. वरून पाहिलं तर वाळवी दिसते, खाली तिला पाठीवर घेऊन भुंगेरा चालतो. वाळव्या बहुतेक आंधळ्या. त्यांना कळतं ते स्पर्शाने आणि वासाने, म्हणून हे सोंग आपल्यासाठी नसून त्यांच्या मिशांसाठी आहे. भुंगेऱ्याचं तोंड इतकं लहान की वाळव्याच त्याला भरवत असाव्यात, असा वर्णनकर्त्यांचा तर्क आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपला भुंगेरा वेगळा आहे हे कळलं. पण नवा आहे का? जुनं घर विकत घेताना वकील आधीच्या तीस वर्षांचे कागद काढतो, मालकी कोणाकडून कोणाकडे गेली ते बघतो. इथे तो शोध 1758पर्यंत न्यावा लागतो. लिनियसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती त्या वर्षीची, आणि प्राण्यांच्या नावांचा कायदा तिथून सुरू होतो. त्यानंतर जगात कुठेही, कोणत्याही भाषेत, कितीही त्रोटक वर्णन करून कोणी या भुंगेऱ्याला नाव दिलेलं असेल, तर नियमाप्रमाणे ते जुनं नाव टिकतं आणि तुमचं पडतं. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला न्यूटनचं लॅटिन वाचावं लागत नाही. आमच्याकडे गुस्टाव क्राट्झ यांचा 1859चा सिलोनच्या रोव्ह बीटलवरचा निबंध उघडावाच लागतो, नाही तर दुसरं कोणी तरी तो उघडून तुम्हाला दाखवतं.

आणि काय असतं त्या जुन्या वर्णनांत? 'काळा, चमकदार, मिशांचं मूळ पिवळसर, डोकं विरळ खळगेदार.' या वर्णनात पन्नास भुंगेरे बसतात. चित्र बहुधा नसतंच. मग उपाय एकच: ज्या नमुन्यावरून ते वर्णन लिहिलं, तो प्रत्यक्ष नमुना बघायचा. त्या मूळ नमुन्याला होलोटाइप म्हणतात, आणि 1999नंतरच्या प्रत्येक नव्या प्रजातीसाठी असे मूळ नमुने ठरवून जाहीर करणं सक्तीचं आहे. शब्द कितीही घसरडे असोत, टाचणीवरचा भुंगेरा बदलत नाही. वाद झाला तर तो साक्षीदार.

पण हे साक्षीदार राहतात कुठे? भारतातल्या रोव्ह बीटलवरचं मोठं काम माल्कम कॅमेरॉन यांचं. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर. 1920च्या दशकात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत होते. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत 1930 ते 1939 या काळात त्यांचे खंड निघाले. आजही भारतात कोणी रोव्ह बीटल ओळखायला बसलं की तेच उघडावे लागतात. त्यांचा संग्रह लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. दुसरे मॅक्स बर्नहाउअर. ऑस्ट्रियातल्या हॉर्न गावचे नोटरी. दिवसा लोकांचे दस्त नोंदवायचे आणि उरलेल्या वेळात जगभरातून पोस्टाने येणारे भुंगेरे. त्यांनी पाच हजारांवर प्रजातींना नावं दिली, त्यात उष्ण कटिबंधातल्या खंडीभर. त्यांचा संग्रह 1951 साली शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतला. म्हणजे नीलगिरीचा भुंगेरा नवा आहे की नाही, हे ठरवायला लंडनचं कपाट उघडायचं, मग शिकागोचं, मग जमलं तर बर्लिनचं. विषुववृत्ताजवळचे किडे आणि त्यांचे पुरावे थंड देशांत. हे वसाहतींचं देणं आहे, त्याबद्दल राग येणं स्वाभाविक आहे, मलाही येतो. पण ते नमुने शंभर-दीडशे वर्षं बुरशीपासून, वाळवीपासून आणि दोन महायुद्धांपासून सांभाळले गेले, हेही त्याच दमात म्हटलं पाहिजे.

कपाटात काय पडून असतं, याचं एकच उदाहरण. चार्ल्स डार्विन 1832 साली अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांकाला उतरला, तिथे त्याने एक रोव्ह बीटल पकडला. तो लंडनला आला, टाचणीवर टोचला गेला आणि संग्रहालयात कुठे तरी गेला. पुढे स्टिलियानोस चाट्झिमानोलिस या अमेरिकेतल्या अभ्यासकाने संग्रहालयाकडून बिनओळखीचे काही नमुने उसने मागवले. त्यात करवती मिशांचा एक नर होता, आणि चिठ्ठीवर डार्विनचं नाव. नुसती प्रजातीच नाही, वंशही नवा निघाला. 12 फेब्रुवारी 2014 रोजी, डार्विनच्या जन्मदिवशी, त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं: डार्विनिलस सेडारिसी. म्हणजे 182 वर्षांनी. सेडारिस म्हणजे डेव्हिड सेडारिस, अमेरिकेतले विनोदी लेखक. नमुने तयार करताना आपण त्यांची पुस्तकं ऐकत असतो, असं चाट्झिमानोलिस यांनी सांगितलं. बाहिया ब्लांका उष्ण कटिबंधात नाही हे मला ठाऊक आहे, कोणी हात वर करण्याआधीच कबूल करतो. पण ज्या गटातला हा भुंगेरा, तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत पसरलेला आहे. वर्णन झालं तेव्हा जगात या प्रजातीचे दोनच नमुने माहीत होते. दुसरा बर्लिनच्या संग्रहालयात, तोही 1935च्या आधीचा.

हा अपवाद म्हणाल तर तसं नाही. 2012 साली पॅरिसच्या संशोधकांनी हिशेब केला: नमुना गोळा होण्यापासून त्याचं नवी प्रजाती म्हणून वर्णन होईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात. एक मूल जन्मून पदवीधर होतं, तोवर भुंगेरा डबीत.

मग वेग वाढवायचा कसा? एक रस्ता जर्मनीच्या अलेक्झांडर रीडेल यांनी दाखवला. भुंगेरे वेगळ्या कुळातले, सोंडेचे, न्यू गिनीतले. 2013 साली एका झटक्यात 101 नव्या प्रजाती: डीएनएचा ठरावीक तुकडा, चांगले फोटो, जननअवयवाचं चित्र आणि मोजकं वर्णन. एवढी नावं आणायची कुठून? त्यांनी पापुआ न्यू गिनीची टेलिफोन डिरेक्टरी उघडली आणि तिथल्या कुटुंबांची आडनावं घेतली. मला ही युक्ती मनापासून आवडते. ग्रीक-लॅटिनची ओढाताण करण्यापेक्षा तिथल्याच लोकांची नावं बरी.

अनेक ज्येष्ठांना हा घाईचा व्यवहार वाटतो. मला लांबलचक वर्णनांचं प्रेम नाही. ती लिहिणाऱ्याखेरीज फार कोणी वाचत नाही, आणि चांगला फोटो पानभर विशेषणांहून कामाचा असतो. माझी अडचण वेगळी आहे. नव्या भुंगेऱ्याचा डीएनए माझ्याकडे आहे, पण कॅमेरॉनच्या नमुन्याचा कुठे आहे? शंभर वर्षांत तो तुटून गेलेला असतो. आता तुकडे जुळवून वाचायची तंत्रं आली आहेत, पण त्यासाठी खर्च लागतो आणि संग्रहालयाची परवानगीही. ते होत नाही तोवर दोन वह्या शेजारीशेजारी भरत राहतात, एकीत जुनी नावं, दुसरीत नवे डीएनए, आणि एकाच भुंगेऱ्याची दोन्हीकडे नोंद होते. न्यू गिनीत ते चाललं, कारण त्या गटातली जुनी नावं मुळात थोडी होती. भारतात, जिथे क्राट्झ आणि कॅमेरॉन दोघांनी वाट अडवलेली आहे, तिथे नुसत्या वेगाने भागणार नाही. जुन्या मूळ नमुन्यांचे, विशेषतः त्यांच्या जननअवयवांचे, चांगले फोटो आधी सगळ्यांना उपलब्ध झाले पाहिजेत. एकाची परदेशवारी वाचवायची म्हणून नव्हे; कोल्हापूरच्या किंवा कणकवलीच्या महाविद्यालयातल्या मुलीला ते बघता येईनात, तर तिने काम सुरू तरी कसं करायचं?

एक बदल मात्र झाला आहे. 2002च्या जैवविविधता कायद्याच्या कलम 39 प्रमाणे भारतात सापडलेल्या नव्या प्रजातीची माहिती ठरवून दिलेल्या संस्थांना कळवावी लागते आणि मूळ नमुना तिथे जमा करावा लागतो. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही त्यातली प्रमुख. तिचं पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या पुण्यात, आकुर्डीला आहे. म्हणजे पुढच्या शतकातल्या कोणाला सह्याद्रीचा भुंगेरा ताडून बघायचा असेल तर त्याला लंडनला जावं लागू नये. नमुने इथे राहणार हे ठीकच. ते सांभाळायला माणसं नेमली जाणार का, वातानुकूलन चालू राहणार का, हा प्रश्न मी इथे नुसता ठेवतो. सभागृहात शासनातली मंडळीही बसली आहेत.

वेळ संपल्याची चिठ्ठी मघाशीच आली आहे. म्हणून समोरच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांसाठी शेवटचं, अगदी कामापुरतं. कॅमेरॉनचे खंड इंटरनेटवर फुकट मिळतात, उतरवून घ्या. सुरुवात स्टेनस या वंशापासून करू नका, त्यात तीन हजारांवर प्रजाती आहेत. राखीव जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उचलू नका. त्याची गरजही नाही, घरामागच्या कंपोस्टच्या खड्ड्यात, गोठ्याच्या उकिरड्यात रोव्ह बीटल भरपूर आहेत. जे मिळतील ते बहुतेक आधी नोंदवलेलेच असतील. त्यांची नावं कॅमेरॉनवरून बिनचूक काढता आली, की मग नव्याकडे वळा. आणि चिठ्ठी लिहा. नुसतं 'महाबळेश्वर' नाही. कोणती वाट, किती उंची, कोणती तारीख, शेणात की पाचोळ्यात, आणि पकडणाऱ्याचं नाव. ती पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.